मृत्युपत्रातली मुलगी

१८५० च्या मार्च महिन्यात ‘मार्मियन’ नावाचं जहाज न्यूयॉर्कला लागलं. उतारूंच्या यादीत फालमथ कर्नी नावाच्या एकोणीस वर्षांच्या आयरिश पोराची नोंद होती. आयर्लंडात बटाट्याचा दुष्काळ चालला होता. मनीगॉल या खेड्यात जोडे शिवून पोट भरणाऱ्या त्याच्या बापाला ओहायोत जमीन मिळाली होती. मरताना भाऊ मृत्युपत्रात ती त्याच्या नावावर करून गेला होता. अट एवढीच, की त्याने अमेरिकेत यायचं. बाप आदल्या वर्षी आला आणि मागून हा मुलगा.

त्याच १८५० साली दक्षिण कॅरोलायनात, स्पार्टनबर्गजवळ, डेव्हिड पॅटरसन नावाच्या म्हाताऱ्या जमीनदारानेही मृत्युपत्र केलं. सूत कातायचे चरखे, गवत कापायची पाती, टेबलावर घालायच्या चादरी, गुरं, असं सगळं त्याने दूरदूर पांगलेल्या वारसांना वाटून दिलं. त्या वाटपातच मेल्विनिया नावाची एक ‘निग्रो मुलगी’ होती, वय वर्षं सहा. १८५२ मध्ये पॅटरसन वारला, मालमत्तेची किंमत ठरवली गेली आणि मेल्विनियाच्या नावापुढे आकडा पडला ४७५ डॉलर.

फालमथ कर्नी म्हणजे बराक ओबामांच्या खापरपणजीचा बाप. मेल्विनिया म्हणजे मिशेल ओबामांच्या खापरपणजोबांची आई. नवऱ्याकडून मोजा की बायकोकडून, पिढ्या सारख्याच भरतात. साल एक, देश एक आणि दोन्हीकडे एकेक मृत्युपत्र. एकाने जमीन मिळाली, दुसऱ्याने मुलगी दिली गेली.

ओबामांचं आयरिश मूळ २००७ मध्ये उजेडात आलं. तिथल्या चर्चची जुनी बाप्तिस्म्याची दफ्तरं शाबूत होती, जहाजाची यादी होती, जमिनीचे कागद होते. दुवे जुळत गेले. २०११ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष मनीगॉलला जाऊन आले, पबमध्ये उभे राहून गिनेस प्यायले आणि तीनशेक वस्तीचं ते गाव एका दिवसात जगाच्या नकाशावर आलं. आज तिथल्या महामार्गावर पेट्रोलपंपासकट एक प्रशस्त थांबा आहे आणि त्याचं नाव ‘बराक ओबामा प्लाझा’. पूर्वज सापडला की त्याच्या नावावर काय काय खपतं, याला आयर्लंडही अपवाद नाही.

मेल्विनियाचा शोध असा हसतखेळत लागला नाही. मेगन स्मोलेन्याक या वंशावळीच्या अभ्यासिकेने तिचा माग काढला आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पत्रकार रेचल स्वॉर्न्स यांनी सहकारी जोडी कँटर यांच्यासह २००९ च्या ऑक्टोबरात तो छापला. पुढे स्वॉर्न्स यांनी त्या एका बातमीचं २०१२ मध्ये पुस्तक केलं, ‘अमेरिकन टॅपेस्ट्री’. प्रतिक्रिया विचारली तेव्हा मिशेल आणि त्यांच्या घरच्यांनी बोलायला नकार दिला; विषय घरगुती आहे, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात काही वावगं दिसत नाही. आपल्या खापरपणजोबांच्या आईची किंमत सकाळच्या पेपरात पहिल्यांदा वाचणाऱ्या माणसाने लगेच काय बोलावं?

अमेरिकेत पूर्वज शोधायचा रस्ता ठरलेला आहे. स्वतःपासून सुरुवात करून दहा-दहा वर्षांच्या पायऱ्या उतरत जायचं. तिथली जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, आणि ७२ वर्षं झाली की माणसांच्या नावानिशी असलेली पानं लोकांना खुली होतात. १९५० ची पानं २०२२ च्या १ एप्रिलला खुली झाली. एका घरात कोण कोण राहत होतं, कुणाचं वय किती, जन्म कुठला, घर स्वतःचं की भाड्याचं, हे प्रगणकाच्या वळणदार अक्षरात वाचता येतं. १९०० च्या जनगणनेत तर बाईला किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात आहेत, हेही विचारलेलं आहे. त्या दोन आकड्यांमधली वजाबाकी करत बसलं, की दुपार कशी गेली कळत नाही.

मध्ये एक पायरी मात्र निखळलेली आहे. १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी गेली. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली. काही कागद जळाले, काही बंबाच्या पाण्याने लगदा झाले आणि जे वाचले तेही पुढे सरकारने निकालात काढले. त्यामुळे १८८० पासून एकदम १९०० वर उडी मारावी लागते. वीस वर्षांत माणूस लग्न करतो, गाव बदलतो, बायको गमावतो, दुसरी करतो. हाताला काहीच लागत नाही.

तरी गोऱ्या माणसाच्या वंशजाला ही एवढीच अडचण. काळ्या माणसाच्या वंशजासमोर त्याच्याही खाली एक भिंत उभी असते आणि वंशावळीच्या धंद्यातली माणसं तिला सरळ ‘१८७० ची भिंत’ म्हणतात. १८७० ही गुलामी संपल्यानंतरची पहिली जनगणना. तिच्यात पूर्वीच्या गुलामांची नावं आणि आडनावं पहिल्यांदा सर्वांबरोबर आली. त्याआधीच्या दोन जनगणनांत, १८५० आणि १८६० मध्ये, गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. १८६० चा असा तक्ता डोळ्यांपुढे आणा. डावीकडे मालकाचं नाव, ठसठशीत. पुढे गुलामांची संख्या, मग एकेका ओळीत वय, लिंग आणि रंग. रंगाच्या रकान्यात ‘बी’ म्हणजे काळा, ‘एम’ म्हणजे मिश्र. त्यापुढे पळून गेलेले किती, मुक्त केलेले किती, आंधळे, मुके किंवा वेडे आहेत का आणि शेवटी गुलामांच्या राहण्याच्या खोपटांची संख्या. माणसाच्या नावाचा रकानाच नाही. त्या वर्षी अशा बिननावाच्या ओळी ३९ लाखांच्या वर होत्या.

म्हणून गुलाम पूर्वज शोधायचा तर आधी मालकाचं घराणं शोधावं लागतं. त्याचे खटले, त्याची कर्जं, मुलींच्या लग्नात काय दिलं, मेल्यावर काय वाटलं. माणूस म्हणून जी नोंद कुणी केली नाही, ती माल म्हणून काळजीपूर्वक केलेली सापडते. मेल्विनियाचं नाव आज आपल्याला माहीत आहे ते ती कुणाची तरी मालमत्ता होती म्हणून. पॅटरसनच्या वारसांत वाटणीवरून तंटा होऊ नये म्हणून कारकुनाने ते लिहून ठेवलं.

कागदाचं हे वागणं आपल्याला परकं नाही. आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची हौस मोठी. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सात-आठ पिढ्या मिळाल्या की आपण हरखून जातो. त्या वह्यांत पुरुषांची साखळी अखंड असते. घरात आलेल्या सुनेचं माहेर कधी मिळतं, कधी नाही, आणि बाहेर गेलेल्या लेकी बहुधा गळालेल्याच. ज्याच्याकडे वतन होतं त्याची वंशावळ मोडी कागदात आहे, कारण वतनाचा तंटा सरकारदरबारी गेला की वंशावळ दाखल करावी लागे. ज्याच्याकडे वतन नव्हतं त्याने ती कुठे दाखल करायची?

म्हातारा गेला आणि मेल्विनिया जॉर्जियात आली. पॅटरसनची मुलगी क्रिस्टियान आणि जावई हेन्री शील्ड्स यांच्या वाट्याला ती गेली होती. त्यांचं शेत अटलांटाच्या दक्षिणेला, आता रेक्स म्हणतात त्या भागात. स्पार्टनबर्गपासून हे अंतर तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. पॅटरसनच्या वाडीवर एकवीस गुलाम होते. म्हणजे सावलीला बसायला, निजवायला, ओरडायला आणि जवळ घ्यायला चार बायामाणसं तरी असतील. शील्ड्सच्या शेतावर सगळे मिळून तीन. शेत दोनशे एकरांचं, त्यात गहू, मका, रताळी आणि कापूस. १८६० च्या शेतीच्या गणनेत जनावरंही नोंदलेली आहेत: तीन घोडे, पाच गाई, सतरा डुकरं आणि वीस मेंढ्या. घरात राबली असेल किंवा शेतात, एवढ्या पसाऱ्यात आणि तीन जोड्या हातांत दिवस कसा जात असेल, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

मार्गारेट मिचेल यांनी ‘गॉन विथ द विंड’मधली स्कार्लेट ओहाराची ‘टारा’ जिथे वसवली, तो क्लेटन परगणा हाच. आपल्याकडेही कित्येकांनी ती कादंबरी आणि तो सिनेमा डोक्यावर घेतला. जळून गेलेल्या वैभवासाठी डोळे पुसले. कादंबरी १९३६ मध्ये आली तेव्हा मेल्विनिया त्याच राज्यात जिवंत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

१८५९ च्या सुमारास, पंधराव्या वर्षाच्या आगेमागे, मेल्विनियाला मुलगा झाला. त्याचं नाव डॉल्फस. रंगाने तो इतका उजळ होता, की बाप गोरा असणार यात संशय नव्हता. हेन्री शील्ड्स तेव्हा पन्नाशीकडे झुकलेला, आणि त्याचे चार मुलगे एकोणीस ते चोवीस वर्षांचे.

बापाचं नाव कुठल्याही कागदावर का नाही, याचं उत्तर दोनशे वर्षं मागे जाऊन मिळतं. १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या वसाहतीने कायदा केला, की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. इंग्लंडच्या रिवाजात मूल बापाचं. इथे तो रिवाज मुद्दाम उलटा केला आणि पुढे दक्षिणेत सगळीकडे हेच चाललं. मालकाला किंवा त्याच्या मुलाला गुलाम बाईपासून मूल झालं, तर त्याच्यावर जबाबदारी कसलीच येत नव्हती. उलट घरच्या मालमत्तेत एकाची भर. बापाचं नाव लिहिण्याची गरज कायद्यानेच काढून टाकली होती. बारशाचा खर्चसुद्धा वाचला, म्हणा.

१८६४ च्या उन्हाळ्याअखेर याच परगण्यात, जोन्सबरोला, लढाई झाली आणि दुसऱ्याच दिवशी अटलांटा पडलं. १८६५ च्या डिसेंबरात तेरावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन गुलामी कायद्याने संपली. मेल्विनिया तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची. आपल्याला वाटतं, बेडी तुटली की माणूस पहिल्यांदा त्या जागेवरून चालू लागतो. मेल्विनिया गेली नाही. १८७० ची जनगणना तिला तिथेच दाखवते: शेतमजूर, चार मुलं पदरी, आडनाव शील्ड्स, आणि शेजारची जमीन हेन्रीचा मुलगा चार्ल्स शील्ड्स याची. चारपैकी तीन मुलांच्या रंगाच्या रकान्यात ‘मिश्र’ लिहिलं आहे. त्यातलं एक मूल गुलामी संपल्यावर चार वर्षांनी झालेलं.

या एका ओळीवर पुस्तकं लिहिता येतील, आणि लोकांनी लिहायला कमी केलं नाही. कुणाला त्यात प्रेम दिसतं. मला तो शब्द तिथे लावायचा धीर होत नाही. मालकाच्या घरातल्या पुरुषाला नकार द्यायचा हक्क जिला कधीच नव्हता, ती पंधराव्या वर्षी त्या घरात आई झाली; पुढे ती ‘मुक्त’ झाली तेव्हा तिच्याकडे जमीन नव्हती, बैल नव्हता, आईबाप नव्हते, कडेवर मुलं होती. दक्षिणेतल्या लाखो मुक्त गुलामांची हीच गत झाली. अर्धेलीने शेत कसायचं, बियाणं आणि पीठमीठ मालकाच्या दुकानातून उधार आणायचं, आणि सुगीला हिशेब झाला की पुन्हा मालकाचंच देणं निघायचं. असा हिशेब आपल्या सावकारीने दाखवला नाही असं नाही.

१८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या भल्या माणसांना अर्पण केलं. इकडच्या शूद्रातिशूद्रांना सोडवताना इथल्या लोकांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागची आशा. जोतीरावांनी ज्यांच्या मुक्तीचा गौरव केला, त्यांतलीच एक, एकोणतीस वर्षांची बाई, त्या वेळी जॉर्जियात तीन वर्षांपूर्वी होती तशीच मजुरी करत असावी. त्या वर्षी डॉल्फस चौदा-पंधरा वर्षांचा होता.

यापुढची गोष्ट मला या सगळ्या शोधात सर्वांत मोठी वाटते, आणि वर्तमानपत्रांनी तिला सर्वांत कमी जागा दिली.

तिशी-चाळिशीच्या मध्ये कधीतरी मेल्विनिया उठली आणि निघाली. जॉर्जियाच्या वायव्येला, शंभरेक किलोमीटरवर, बार्टो परगण्यात किंगस्टन नावाचं रेल्वेचं गाव आहे. तिथे ती राहायला गेली. ती तिथेच का गेली, हे जनगणनेच्या पानांवर स्मोलेन्याक यांना शेजारपाजारची नावं वाचताना दिसलं. मरिया आणि बोलस ईस्ली हे जोडपं त्याच भागात होतं. हे दोघे पॅटरसनच्या वाडीवरचे गुलाम. म्हणजे आठेक वर्षांची असताना मेल्विनिया ज्यांच्यातून उचलली गेली, त्यांच्यातलेच.

हे कसं घडलं असेल? दक्षिणेत गुलामी संपल्यावर आपली माणसं शोधायची एक मोठी लाट आली होती. चर्चमधून नावं वाचून दाखवली जात. काळ्यांच्या वर्तमानपत्रांत जाहिराती येत: माझी आई अमक्याच्या मालकीची होती, तमक्या साली तमक्या गावी विकली गेली, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. न्यू ऑर्लिन्सच्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट’ने अशा पत्रांसाठी वेगळं सदरच चालवलं. मुक्त गुलामांसाठी काढलेल्या बचत बँकेत खातं उघडताना आईबाप, भावंडं, जुना मालक अशी माहिती लिहून घेत. बँक १८७४ मध्ये बुडाली, लोकांचे पैसे गेले, पण त्या नोंदवह्या आज वंशजांना बँकेच्या ठेवींपेक्षा मोलाच्या झाल्या आहेत. मेल्विनियाला निरोप कुणाच्या तोंडून मिळाला, याचा कागद नाही. पण तीसेक वर्षांनी, दुसऱ्या राज्यात, ही माणसं पुन्हा एका वस्तीत आली. नुसती आली नाहीत. डॉल्फसने ईस्लींच्या ॲलिसशी लग्न केलं. मिशेल ओबामांची खापरपणजी ती हीच. ज्या वाडीची वाटणी पॅटरसनच्या मृत्युपत्राने केली होती, तिच्यातली दोन घरं मुलांच्या लग्नाने सोयरी झाली.

डॉल्फस १८८८ च्या सुमारास अलाबामात बर्मिंगहॅमला गेला. हे शहर १८७१ मध्ये वसवलेलं, आजूबाजूला कोळसा, लोखंडाची माती आणि चुनखडी एकाच पट्ट्यात, मधोमध रेल्वेचे फाटे. भट्ट्या पेटल्या आणि गाव बघता बघता फुगलं. अशा ठिकाणी डॉल्फससारख्या सुताराला मरण नसतं. त्याला लिहितावाचता येत होतं. १९०० पर्यंत त्याचं स्वतःचं घर झालं. दुसऱ्याच वर्षी अलाबामाने नवी राज्यघटना केली आणि मतदानासाठी कर आणि अक्षरओळखीची परीक्षा अशा अटी घालून काळ्या मतदारांना याद्यांतून जवळजवळ साफ पुसून टाकलं. डॉल्फसने १९११ पर्यंत सुतारकामाचं आणि हत्यारांना धार लावायचं दुकान काढलं, तेही गोऱ्यांच्या भागात. गोरी गिऱ्हाइकं तिथे येऊन गप्पा मारत बसत. ट्राममध्ये वेगळी बाकं आणि नळावर वेगळा पेला असण्याच्या त्या काळात हे घडत होतं. त्याच्या उजळ रंगाचा त्यात किती भाग होता आणि स्वभावाचा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. तो दोन चर्चच्या संस्थापकांपैकी एक होता, फर्स्ट एबेनेझर बॅप्टिस्ट आणि ट्रिनिटी बॅप्टिस्ट. रविवारच्या शाळा सांभाळायचा. दोन्ही चर्च पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत उतरली. गुलामीत जन्मलो हे तो कुणापाशी बोलत नसे.

हे न बोलणं त्या पिढीत सगळीकडे आढळतं, आणि वंशावळ शोधणाऱ्याची खरी अडचण जळालेल्या जनगणनेपेक्षा हीच असते. मुलांना आपल्या जन्माची लाज वाटू नये म्हणून आया गप्प राहिल्या. मुलांनी आईला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही. तिसऱ्या पिढीला विचारावंसं वाटलं तेव्हा सांगणारं कुणी उरलं नव्हतं. ॲलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ने १९७६ मध्ये हे मौन फोडलं, टीव्हीवरच्या मालिकेने घराघरांत पूर्वज शोधायचं वेड लावलं, पुढे अभ्यासकांनी कागद तपासले तेव्हा हेलींच्या वंशावळीतले बरेच सांधे जुळेनात, हेही खरं. स्मोलेन्याक आणि स्वॉर्न्स यांचं काम मला त्याहून पटतं, कारण जिथे कागद संपला तिथे त्यांनी ते सांगितलं.

डॉल्फस १९५० मध्ये वारला, एक्याण्णव वर्षांचा होऊन. ‘बर्मिंगहॅम वर्ल्ड’ या काळ्यांच्या वर्तमानपत्राने ९ जूनला त्याची मृत्युवार्ता पहिल्या पानावर घेतली. त्याच अंकाचा ठळक मथळा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा होता: रेल्वेच्या भोजनाच्या डब्यात आणि उच्च शिक्षणात काळ्यांना वेगळं बसवायला मनाई.

त्याचा मुलगा रॉबर्ट ली. १९०६ मध्ये ॲनी लॉसनशी लग्न, मजुरी, मग रेल्वेत हमाली, आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आसपास तो कागदांवरून नाहीसाच होतो. मेला, पळाला, कुठे दुसरं घर केलं, पत्ता नाही. एका घराण्यात आईबाप ठाऊक नसलेली बाई आणि बाप नाहीसा झालेली मुलं तीन पिढ्यांच्या अंतरावर असावीत, याला योगायोग म्हणवत नाही. रॉबर्टचा मुलगा पर्नेल रंगारी झाला आणि उत्तरेकडे शिकागोला गेला. १९१० ते १९७० या काळात साठेक लाख काळी माणसं अशीच दक्षिण सोडून गेली. घरात कायम जॅझच्या रेकॉर्डी लावणाऱ्या या आजोबांना मिशेल आणि भावंडं ‘साउथसाइड’ म्हणत. मरियन ही त्यांची मुलगी आणि मिशेल नात.

राहता राहिला डॉल्फसचा बाप. २००९ मध्ये तो कोण हे सांगता येत नव्हतं. स्वॉर्न्स दोन्ही शील्ड्स घराण्यांच्या, गोऱ्या आणि काळ्या, हयात वंशजांपर्यंत पोचल्या. गोऱ्यांपैकी काहींना बोलायचं नव्हतं. गुलाम ठेवणारा पूर्वज आपला म्हणवून घेणं जड जातं, आणि तो देशाच्या पहिल्या महिलेचाही पूर्वज निघाला तर अधिकच. तरीही काही जण डीएनएच्या तपासणीला तयार झाले. २०१२ मध्ये निष्कर्ष छापला गेला: दोन्ही घराण्यांचं रक्ताचं नातं आहे, आणि डॉल्फसचा बाप बहुधा चार्ल्स मॅरियन शील्ड्स, मालकाचा विशीतला मुलगा, म्हणजे १८७० मध्ये शेजारची जमीन कसणारा तोच.

वर्तमानपत्रांनी या नावाचा मोठा गाजावाजा केला. एक गाठ सुटली हे खरं, पण माझ्या मते ते या शोधाचं फळ नव्हे. थुंकीच्या नमुन्यावरून बाप कळतो. त्या शेतावर काय घडलं ते कळत नाही. शिवाय चार्ल्स शील्ड्सला सापडायला कधीच त्रास नव्हता. त्याचं नाव, त्याचे आईबाप, त्याची जमीन, सगळं दफ्तरांत शिस्तीत लागलेलं होतं. शोधावी लागली ती मेल्विनिया, आणि किंगस्टनला जाऊन आपली माणसं शोधली तीही तिनेच. पूर्वज शोधायचं काम या घराण्यात पहिल्यांदा कुणी केलं असेल तर ते तिने, एकही कागद हाती नसताना.

२०१२ च्या जूनमध्ये रेक्सला तिच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. किंगस्टनमध्ये लोक तिला मॅटी मॅग्रूडर म्हणून ओळखत. १९३८ मध्ये ती वारली, नव्वदी ओलांडून. जॉर्जियात १९१९ पासून मृत्यूचे दाखले राज्यभर ठेवले जाऊ लागले, म्हणून तिचा दाखला आहे. आईचं नाव आणि बापाचं नाव या जागी नातेवाइकाने ‘माहीत नाही’ एवढंच लिहून दिलं आहे.

ती गेली तेव्हा शिकागोत पर्नेलची मरियन जेमतेम वर्षाची होती. याच मरियन रॉबिन्सन २००९ मध्ये नातींना सांभाळायला व्हाइट हाउसमध्ये राहायला आल्या, लेकजावयाची आठ वर्षं पुरी होईपर्यंत तिथेच राहिल्या, आणि ३१ मे २०२४ रोजी वारल्या.